सांगून ठेवलेलं

अप्पा सोमवारी सकाळी सव्वाआठला गेले. त्यांनी चहा मागितला होता. मी चहा घेऊन आले तेव्हा ते गेले होते. भाऊ दुकान उघडायला निघाला होता, त्याला मी हाक मारली. तो आत आला, अप्पांच्या नाकापुढे हात धरून बसला, मग उठून फोन लावायला लागला. माती चार वाजता ठरली.

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात, आणि आमच्या घरात तर ती खरोखर मातीच असते. आम्ही लिंगायत, जाळत नाही. माणसाला मांडी घालून बसवतात, बसलेलाच खड्ड्यात उतरवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बेलाची पानं, विभूती, मीठ टाकून वरून माती लोटतात. त्याला समाधी म्हणायचं, मग बसलेला माणूस साधू असो नाहीतर भांड्यांचा दुकानदार. घाटनांदुरात आमच्या समाजाची वेगळी रुद्रभूमी आहे. आई तिथे आहे. अप्पांची जागा तिच्या शेजारी, हे गावात कोणीही सांगितलं असतं.

मला मात्र वेगळं माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी अप्पांनी मला सांगितलं होतं की त्यांना रुद्रभूमीत नाही, आमच्या वावरात बसवायचं. दुसऱ्या कोणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. ते वावर भाऊ विकायला निघाला होता. वावरात समाधी असली की तिथे प्लॉट पाडायला कोणी घेत नाही. चार वाजायच्या आत मला बोलायचं होतं, आणि बोलले तरी माझं कोणी खरं मानावं असं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं.

त्यांनी ते मला सांगितलं त्याला निमित्त एक इंग्रजी क्रियापद झालं होतं. ते मीच त्यांच्यापुढे काढलं होतं.

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. उरलेल्या वेळात वकिलांसाठी कागदांची भाषांतरं करते. दिवाळीनंतर अप्पांना लकवा झाला, उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं पण राहिलं. मी रजा काढून गावी येऊन राहिले. येताना एक मृत्युपत्र बरोबर आणलं होतं. आपल्याच भागातला एक माणूस परदेशात गेला, तिथेच राहिला, तिथेच वारला. त्याच्या इथल्या नातेवाइकांना त्याच्या मृत्युपत्राचं मराठी हवं होतं. अप्पांच्या खाटेशेजारी टेबल ओढून मी ते करत बसायची.

त्यात एक ओळ होती, जी अशा बहुतेक कागदांत असते: आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद. एका देण्यासाठी तीन क्रियापदं. पहिलं साधं. दुसरं वकिली रिवाजाने जमीनजुमल्याचं. तिसरं दागिन्यांचं, भांड्यांचं, पुस्तकांचं, जे उचलून नेता येतं त्याचं. मराठीत तिन्ही मिळून ‘मृत्युपत्राद्वारे देतो’ असं लिहिलं की वकिलांचं काम भागतं. माझं भागेना. मी मोठा शब्दकोश काढला.

अप्पा बघत होते. म्हणाले, “काय खरडतीस?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दुकानदाराने विचारावं तसं विचारलं, “देतो म्हनायला तीन शब्द कावून लागतात? आपून भांड्यावर एकच टाकतो. भेट.”

त्यांनी आयुष्यभर भांड्यांवर नावं टाकली होती. लग्नाचा हंडा, बारशाची वाटी, सेवानिवृत्तीचं ताट. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मधे सप्रेम भेट. आधी हातोडी आणि छिन्नीने, ठिपक्या ठिपक्यांनी. नंतर विजेच्या पेनाने. देण्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून मी त्यांना तिसऱ्या शब्दाची गोष्ट सांगितली. बिक्वीद हा हजार वर्षांहून जुना शब्द. त्याची फोड केली तर पुढे छोटा उपसर्ग आणि मागे एक क्रियापद, ज्याचा अर्थ होता म्हणणे. त्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, क्वोथ, जुन्या इंग्रजी कवितांत ‘तो म्हणाला’ अशा अर्थाने अजून भेटतं. आता कोणी ते बोलत नाही. म्हणजे बिक्वीदच्या मुळाशी देणं नाहीच. म्हणणं आहे, जाहीर करणं आहे, कोणाला तरी उद्देशून बोलणं आहे. दोष देण्यासाठीसुद्धा तोच शब्द कधी कधी चालायचा. त्या काळी माणूस मरायला टेकला की आपल्या माणसांना जवळ बोलवायचा आणि कोणाला काय ते त्यांच्यादेखत म्हणायचा. म्हटलं की दिलं. पुढे कोणी ते चामड्यावर उतरवून ठेवलं तर ती फक्त आठवण असायची. देणं लिहिण्याने होत नव्हतं, म्हणण्याने होऊन गेलेलं असायचं.

अप्पांना ते आवडलं. त्यांनी डाव्या हाताने खाटेवर दोनदा थोपटलं, गिऱ्हाईक पटलं की गल्ल्यावर थोपटायचे तसं. म्हणाले की निजामाच्या वेळची म्हातारी माणसं वसीयत म्हणायची, तेही असंच काही असेल. मी म्हटलं असेल. पुढे एका उर्दूच्या शिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले की त्या शब्दाच्या पोटात बजावून सांगणं आहे.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी अप्पांना सांगितला नाही. तो असा, की पुढच्या काही शतकांत त्या क्रियापदातून बोलण्याचे बाकी सगळे अर्थ गळून गेले आणि मरणाच्या वेळचं तेवढं बोलणं उरलं. मग तेही गेलं. कागद आला, सही आली, दोन साक्षीदार आले, आणि म्हणणं हा अर्थ असलेला शब्द फक्त लिहिण्यासाठी उरला. आपल्याकडेही कायदा तेच मागतो. हे मी सांगणार होते. पण अर्धी गोष्ट जास्त छान होती, आणि अप्पा कितीतरी दिवसांनी खूश दिसत होते.

“म्हंजे नुसतं म्हनलं की झालं,” ते म्हणाले.

“तेव्हा व्हायचं.”

त्यांनी ‘तेव्हा’ ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, “मंग ऐक, मी म्हनतो. मला वावरात बसवा. दुकानात बसून उमर गेली, रस्त्याकडं तोंड करून. आता वावराकडं तोंड करून बसू द्या.”

मी विचारलं, हे भावाला सांगितलंय का.

“त्याला मी न्हाई सांगत. तू सांग. येळ आल्यावर.”

मी म्हटलं, लिहून ठेवू का. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो पांघरुणावर पालथा पडला होता. “अंगठा लावू? उभ्या गावाच्या भांड्यावर नावं टाकली मी.” एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी टेबलाकडे वळले आणि त्या माणसाच्या मृत्युपत्रात लिहिलं, मृत्युपत्राद्वारे देतो.

भावाचीही बाजू सांगायला हवी, नाहीतर हे एका बहिणीने लिहिलेलं तक्रारपत्र होईल.

भांड्यांचं दुकान चालेनासं झालं होतं. लग्नात लोक पाकिटं देतात. हंडा कोणी घेत नाही, त्यावर नाव टाकून घेणं तर दूरच. भावाला लातूरला दुसरा धंदा करायचा होता, त्याची मुलं तिथे शिकत होती, आणि वावर रस्त्याला लागून असल्यामुळे एक प्लॉटिंगवाला मागे लागला होता. भावाने त्याला हो म्हटलं होतं. कागद झाला नव्हता, शब्द दिला होता. आमच्या बाजारपेठेत शब्द दिला म्हणजे कागद नंतर कधीही होतो.

कागद अडला होता तो माझ्या सहीसाठी. जमीन वडिलोपार्जित, त्यात माझाही हिस्सा. आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी घेतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. भावाने तो कागद मला दोन महिन्यांपूर्वी आणून दिला होता. त्याने जोर केला नाही. मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, बघू. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. हिस्सा मला नको होता. पण ते वावर जावं असंही मला वाटत नव्हतं, आणि बघू या शब्दात दोन्ही मावत होतं.

आता विचार करा. सही अडवून बसलेली बहीण बापाच्या मातीच्या दिवशी उठते आणि म्हणते, अप्पांना वावरात बसवा, त्यांनी मला सांगितलंय, मला एकटीलाच, कोणी ऐकलेलं नाही. मी भावाच्या जागी असते तर मी काय समजले असते ते मला माहीत होतं. तीन आठवडे मी रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज अप्पा जेवत होते, बोलत होते, तेव्हा आजच कशाला असं म्हणून सोडून द्यायची.

दहाला मठपती आले. आमच्या गावातले विधी तेच करतात, अप्पांच्या वयाचे. अंग आखडायच्या आत बसवायला हवं, म्हणाले. भावाने आणि चुलतभावाने अप्पांना अंघोळ घातली, मांडी घातली, पाठ भिंतीला लावली आणि धोतराच्या पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधलं. कपाळाला विभूती लावली. दार उघडं होतं. अप्पा दारातून रस्त्याकडे बघत बसल्यासारखे दिसत होते. बायका आत येऊन पाया पडत होत्या आणि मला अप्पांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मठपती म्हणाले, “पावलाचं माप घ्या.”

खड्डा मेलेल्या माणसाच्या पावलाने मोजतात आमच्याकडे. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. भावाने मला खुणेने सांगितलं, तू घे. मी कच्चं सूत घेतलं, अप्पांचं पाऊल मांडीतून थोडं पुढे ओढलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सूत धरलं आणि गाठ मारली. पाऊल गार होतं. मग त्या मापाने पुढची गाठ, त्याच्या पुढची. एवढ्या गाठी मारायला इतका वेळ लागत नाही. मी लावला.

आत्या माझ्याशेजारी येऊन बसली होती. अप्पांची धाकटी बहीण, युसूफ वडगावहून जीप करून आली होती, रडून मोकळी झाली होती आणि आता सगळ्यांवर नजर ठेवत होती. माझ्या हातांकडे बघत म्हणाली, “कावून गं, काय गिळून बसलीस?”

मी म्हटलं, काही नाही.

“एवढी बुकं शिकली, पन तोंडातून शब्द काढायला हिला पंचांग लागतं,” आत्या शेजारणीला म्हणाली.

चुलतभाऊ मोटारसायकल चालू करून दारात उभा होता. रुद्रभूमीची जमीन मुरमाड, हाताने खणायला दिवस जातो, म्हणून रस्त्याच्या कामावरची जेसीबी बारा वाजता तिकडे बोलावली होती. तिला जागा दाखवायला आणि माप द्यायला तो निघाला होता. त्याने हात पुढे केला. मी त्याला सूत दिलं.

तो गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. एखाद्यासाठी जमीन फोडली की तो खड्डा रिकामा ठेवायचा नाही, हे आमच्यात लहान मुलांनाही माहीत असतं. जेसीबीचा पहिला दात मातीत गेला की अप्पांची जागा ठरली. मग मी बोलले काय आणि न बोलले काय. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, ते इथे लिहायलाच हवं, की बरं झालं. आता बोलावं लागणार नाही. दहा-बारा मिनिटं मी तशीच बसून राहिले. घड्याळात साडेअकरा झाले होते.

मग मी उठले.

भाऊ मागच्या अंगणात टाकीपाशी उभा राहून अंगावर पाणी घेत होता. त्याने दोन बादल्या ओतून घेईपर्यंत मी थांबले. तो टॉवेलने डोकं पुसायला लागला तेव्हा म्हटलं, “अप्पांनी मला वावरात बसवा म्हणून सांगितलंय.”

त्याचा हात थांबला. “कवा?”

“तीन आठवडे झाले.”

“कोनासमोर?”

“माझ्या एकटीसमोर.”

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही, अप्पांसारखाच. म्हणाला, “आनि तू आज सांगतीस.”

मी म्हटलं, हो.

“अक्का, सही करायची न्हाई तर नको करू. मी कवा जोर केला का? पन आज हे काढू नको. आई तिकडं हाय. लोक काय म्हनतेल, बाईल एकीकडं, नवरा एकीकडं.”

मी म्हटलं की तुझा कागद आण, मी आत्ता सही करते. वावर सगळं तुझं. मग तर खरं मानशील.

तो हसला. हसण्यासारखं काही त्यात नव्हतं. “मातीच्या दिवशी सही करतेत का कुनी? आनि अप्पाला तिथं बसवल्यावर ते वावर माझं असून काय करू? उदबत्त्या लावत बसू?” मग म्हणाला, “मी शब्द दिलाय, अक्का. बाजारात शब्द दिलाय मी.”

अप्पांनी जे म्हटलं ते मी आणलं होतं, आणि ते भावाने जे म्हटलं होतं त्याला मोडत होतं. दोन्हीला कागद नव्हता. कोणतं खरं धरायचं हे शब्दकोशात मिळत नाही.

आत्या मागच्या दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. म्हणाली, “तिकडं मशीन पोचली असंल. भांडायचं तर लवकर भांडा.”

भावाने तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाला, “काय म्हनला तो? तुझं न्हाई, त्याचं सांग. जसं म्हनला तसं.”

मी सांगितलं. एकही शब्द बदलला नाही. तेवढं मला येतं. दुकानात बसून उमर गेली, रस्त्याकडं तोंड करून. आता वावराकडं तोंड करून बसू द्या.

भाऊ टाकीच्या कठड्यावर बसला. केसांतलं पाणी त्याच्या गळ्यावरून उतरत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मला वाटलं तो मला काहीतरी लागेल असं बोलेल. मी त्याची तयारी केली होती.

तो म्हणाला, “संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलतं. वावर देतोय म्हनून. तो काहीच म्हनला न्हाई. नुसतं इचारलं, प्लॉट पाडले की दारं कुनीकडं येतेल. मी म्हनलं, रस्त्याकडं.” मग म्हणाला, “मला वाटलं, त्याला चालतंय.”

अप्पांनी मला सांगितलं ते संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी. म्हणजे मृत्युपत्राच्या गोष्टीवरून त्यांना सहज सुचलं होतं असं मी इतके दिवस समजत होते, तसं नव्हतं. त्यांना माहीत होतं. मुलाच्या तोंडावर नाही म्हणवेना, तेव्हा त्यांनी ते मुलीजवळ म्हणून ठेवलं, आणि येळ आल्यावर सांग म्हणाले; येळ म्हणजे जेव्हा ते स्वतः समोर नसतील. माझा त्यांच्यावरचा राग तिथे सुरू झाला. तो त्या दिवशी दिसला नाही, कोणाला दिसू नये अशीच वेळ होती.

भावाने कठड्यावर ठेवलेला फोन उचलला. चुलतभावाने उचलला नाही. परत लावला. मी आणि आत्या त्या घंटीचा आवाज ऐकत उभ्या होतो. तिसऱ्या वेळेला उचलला, मागे मशीनची घरघर होती.

“थांबव,” भाऊ म्हणाला. “दात घातला का? घातला का सांग.”

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. भावाने डोळे मिटले आणि उघडले.

“मंग घालू नको. मशीन वावरात घे. हां, आपल्याच वावरात. तू इचारू नको, घे.”

मग तो उठून शर्ट न घालताच घराबाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसरा फोन लावला. तो कोणाला ते मला माहीत होतं. बोलणं ऐकू येत नव्हतं. तो बराच वेळ ऐकत होता, थोडंच बोलत होता, आणि डावा हात मानेवर ठेवून उभा होता. मातीला आलेले लोक त्याच्या बाजूने घरात येत होते. तो त्यांना मान हलवून आत जा म्हणत होता आणि फोनवर ऐकत होता.

आत्या मला म्हणाली, “बोललीस ते बरं केलंस. आदी बोलली असतीस तर आनखी बरं झालं असतं.” त्यानंतर ती मला त्यावर कधी काही म्हणाली नाही.

वावरात हरभरा घाट्याला आला होता. चार ओळी उपटून जागा केली. काळी माती, मशीनला वेळ लागला नाही. रस्ता पश्चिमेला, वावर पूर्वेला, आणि पूर्वेकडे तोंड विधीला चालतं, त्यामुळे दिशेबद्दल मठपतींची हरकत नव्हती. लोकांनी विचारलं, इकडे कसं काय. भावाने प्रत्येकाला एकच सांगितलं, “अप्पा म्हनला होता.” कोणाजवळ, कधी, हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. चार वाजून वीस मिनिटांनी अप्पांना उतरवलं. मठपतींनी इष्टलिंग काढून त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं, बोटं मिटवली. मीठ, बेल, विभूती. मग आम्ही सगळ्यांनी माती लोटली, आधी भावाने, मग मी.

प्लॉटिंगवाल्याने बाजारात सांगायचं ते सांगितलं. दुकानदाराच्या पोराने शब्द फिरवला, बापाचं मढं पुढं करून. हे मला अंबाजोगाईत ऐकू आलं, म्हणजे घाटनांदुरात रोज ऐकू येत असणार. लातूरचा बेत राहिला. भावाने एकदाही मला त्याबद्दल बोल लावला नाही. त्याने बोल लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

एक गोष्ट त्याने मला विचारली नाही, आणि मी आपणहून सांगितली नाही: वावर जाऊ नये असं तुलाही वाटत होतं का? त्या दिवशी टाकीपाशी मी अप्पांचेच शब्द सांगितले, एकही इकडचा तिकडे केला नाही, पण ते सांगणारीला ते हवेही होते. पूर्वीच्या त्या माणसांना, जे मरणाऱ्याभोवती उभे राहून ऐकायचे, त्यांना हे होत असेल का, हे मला कुठल्याही शब्दकोशाने सांगितलेलं नाही. कागद आणि साक्षीदार कशासाठी आले असतील ते मात्र मला आता समजतं. मेलेल्या माणसावर अविश्वास म्हणून नाही, ऐकणारा एकटा पडू नये म्हणून.

वर्षश्राद्धाच्या आधी मी अंबाजोगाईच्या निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने मागितली नव्हती. मी टाकीपाशी तसं म्हटलं होतं, म्हणून केली. तो आला, त्याने त्याच्या जागी सही केली, बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तो साडेतीनच्या बसने परत गेला.

वावर आता त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. विकलेलं नाही. त्यात अप्पा आहेत, आई रुद्रभूमीत आहे. दुकान चालू आहे, गिऱ्हाईक कमी आहे. भाऊ माझ्याशी बोलतो, कामापुरतं बोलतो.